सी अँकर टाकला तरी बोट लाटेला आडवी पडते? दोरापासून डेकपर्यंतची तपासणी

इंजिन बंद पडलं, वारा चढला, सी अँकर (पाण्यात फुगून बोट अडवणारं कापडी पॅराशूट) पाण्यात टाकला, तरीही बोट लाटेला कूस देऊन हेलकावे खाते. ९ ते १२ मीटरच्या मासेमारी आणि शिडाच्या बोटींवर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. दोष बहुतेक वेळा पॅराशूटच्या कापडात शोधला जातो. सापडतो तो दोरात: त्याच्या लांबीत, त्याच्या जातीत आणि तो बोटीला जिथे बांधला आहे त्या जागेत. म्हणून नवीन पॅराशूट विकत घेण्याआधी खालची तपासणी क्रमाने करा. सुरुवातीचे उपाय फुकट आहेत आणि भर समुद्रात करता येतात. शेवटचे धक्क्यावर परतल्यावरच करायचे.

दोन साधनांची गल्लत होते, म्हणून ती आधी वेगळी करू. सी अँकर मोठा असतो, नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) सोडतात आणि तो बोट जवळपास थांबवतो. ड्रोग लहान असतो, मागच्या बाजूने सोडतात. बोट वाऱ्याबरोबर पुढे जात राहते, फक्त तिचा वेग आवरला जातो. दोन्ही साधनं पाण्याचा रोध वापरतात. तळाला कोणतंच धरत नाही.

लक्षणं

- सी अँकर टाकल्यावरही नाळ वाऱ्याकडे वळत नाही, किंवा वळून पुन्हा डावी-उजवीकडे मोठे झोके घेते.
- दोर एकदा ढिला पडतो, मग सटकन ताठ होऊन बोटीला हिसका देतो.
- पॅराशूट पाण्याच्या वर दिसतं, किंवा गोळा होऊन वर येतं.
- बोट मागे मागे वाहते आणि सुकाणू दणके खातं.
- दोर तुटतो, आणि तोही दर वेळी नाळेपाशीच.
- ड्रोग मागे असूनही बोट लाटेच्या उतारावर सुसाट सुटते आणि ड्रोग लाटेच्या भिंतीतून बाहेर उसळतो.

१. दोर आणखी सोडा

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच. दोर बोटीच्या लांबीच्या किमान दहापट हवा. १० मीटरच्या बोटीला १०० मीटर, आणि जवळ १५० मीटर असला तर उत्तम. अनेक बोटींवर ३०-४० मीटरच सोडलेला आढळतो, कारण पुढे ओढून घ्यायला त्रास होतो. एवढ्या आखूड दोराला ताण सोसायला पुरेशी लांबी नसते, आणि प्रत्येक लाटेचा हिसका थेट डेकला बसतो.

लांबी पुरेशी असूनही हिसके बसत असतील तर लाटेची लांबी पाहा. माथ्यावरचं पाणी लाटेच्या दिशेने पुढे सरकतं, खळग्यातलं उलट दिशेने मागे येतं. बोट माथ्यावर आणि पॅराशूट खळग्यात असेल तर दोघं एकमेकांपासून दूर ओढले जातात. अर्ध्या लाटेनंतर तेच दोघं एकमेकांकडे येतात आणि दोर ढिला पडतो. ४ मीटर उंचीच्या, ८ सेकंदांच्या लाटेत पाण्याचा हा वेग पृष्ठभागावर सेकंदाला सुमारे दीड मीटर असतो आणि खोलीबरोबर कमी होतो. दोन्ही टोकांचा मिळून फरक सेकंदाला दोन-अडीच मीटर होऊ शकतो. एवढ्या वेगाने ताठ झालेला दोर काहीही उपटून काढेल.

उपाय असा, की बोट आणि पॅराशूट एकाच वेळी माथ्यावर यावेत, म्हणजे दोघांमधलं अंतर एक किंवा दोन पूर्ण लाटांइतकं असावं. लाटेची लांबी मोजायला उपकरण लागत नाही. एक माथा गेल्यापासून पुढचा येईपर्यंतचे सेकंद मोजा, दहा लाटांची सरासरी घ्या, त्या आकड्याचा वर्ग करा आणि दीडपट करा. ६ सेकंदांना सुमारे ५५ मीटर, ८ सेकंदांना सुमारे १०० मीटर, १० सेकंदांना सुमारे १५५ मीटर. हे गणित खोल पाण्याचं आहे. कोकण किनाऱ्यासमोरचा उथळ पट्टा रुंद आहे. मुंबई हायसारख्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूरच्या जागीसुद्धा पाणी ७५ मीटरच्या आसपासच असतं. २०-३० मीटर पाण्यात लाट हिशोबापेक्षा थोडी आखूड आणि जास्त उभी होते. म्हणून आकड्यावर अडून राहू नका. पाच-पाच मीटर दोर सोडत जा आणि हिसका कुठे मऊ होतो ते पाहा.

दोर सोडताना तो बोलार्डला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंट्याला, दोन-तीन वेढे देऊनच सोडा. सुटत्या दोराच्या वेटोळ्यात कोणाचाही पाय नको.

२. नाळेपाशी दोर कुठे घासतो ते पाहा

दोर पाण्यात क्वचित तुटतो. तो फेअरलीडमध्ये (दोर बाहेर काढणाऱ्या धातूच्या वाटेत) किंवा नाळेच्या कडेवर घासून तुटतो. ताणला गेलेला नायलॉन प्रत्येक लाटेला काही सेंटीमीटर पुढे-मागे सरकतो, आणि ८ सेकंदांच्या लाटेत हे तासाला ४५० वेळा होतं.

हाताशी जे असेल ते गुंडाळा: जाड कॅनव्हास, चामडं, जुनी पॉलिएस्टरची पट्टी. पाण्याचा प्लॅस्टिक पाइप बरेच जण वापरतात. तो बाहेरची झीज थांबवतो, पण उष्णता आत कोंडतो. ओढ-ढील होताना नायलॉनचे धागे आतून एकमेकांवर घासून तापतात. पाणी पोचलं नाही तर दोर आतून वितळून कडक होतो आणि बाहेरून धड दिसत असताना जातो. पाइप वापरायचाच असेल तर त्याला भोकं पाडून पाणी आत जाईल असं करा. शिवाय दर तासाला हातभर दोर सोडा, म्हणजे घासणारी जागा बदलते. पहाऱ्यावरच्या माणसाचं हे ठरलेलं काम असू द्या.

कायमचा उपाय म्हणजे नाळेवरून जाणारे पहिले २-३ मीटर साखळीचे ठेवणं. साखळी घासून तुटत नाही. फेअरलीडची धातू मात्र ती खाते, म्हणून तिथे रोलर हवा.

३. सुकाणू आणि डेकवरचा पसारा

नाळ वाऱ्याला धरून ठेवायची तर वारा बोटीच्या मागच्या भागावर जास्त बसायला हवा. केबिन मागे असलेल्या बोटींना हे आपसूक मिळतं. केबिन पुढे असेल, किंवा नाळेवर जाळ्यांचे ढीग, ताडपत्री, गुंडाळलेलं पुढचं शीड असेल, तर वारा नाळेलाच ढकलतो आणि पॅराशूट कितीही चांगलं असलं तरी बोट झोके घेते. पुढचा पसारा खाली उतरवा किंवा मागे न्या. शिडाच्या बोटीवर मागच्या डोलकाठीचं किंवा बॅकस्टेवर (डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेवर) चढवलेलं लहान, सपाट शीड मोठा फरक पाडतं.

सुकाणू मध्यावर आणून घट्ट बांधा. सी अँकरवर असलेली बोट प्रत्येक मोठ्या लाटेला थोडी मागे सरकते. मोकळं सुकाणू त्या वेळी एका बाजूला आपटतं, आणि त्याचे पिन किंवा बिजागरं तुटतात.

४. पॅराशूट किती खोल आहे

ते पृष्ठभागावर दिसत असेल तर माथ्यावरचं फेसाळ पाणी त्याला चुरगाळतं. त्या पाण्यात हवा असते, म्हणून रोधही कमी मिळतो. पॅराशूट ५ ते १० मीटर खाली हवं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पॅराशूट आणि दोर यांच्यामध्ये ३-५ मीटर साखळी (१० मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सुमारे सव्वादोन किलो), आणि पॅराशूटच्या डोक्याला तेवढ्याच लांबीच्या दोरीवर एक बोया (तरंगता गोळा). साखळी त्याला वर येऊ देत नाही. वारा पडल्यावर सगळं तळाला जाऊ नये म्हणून बोया. पाणीच १५ मीटर असेल तर हे साधन तळाला अडकेल. तिथे साधा नांगर टाका.

५. पीळ आणि अडकलेली दोरी

भाराखाली पॅराशूट फिरतं. दोर आणि पॅराशूटच्या दोऱ्या यांच्यामधलं स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी) गंजून जाम झालं असेल तर त्या दोऱ्यांना पीळ पडतो आणि पॅराशूट मिटत जातं. खूण अशी: पहिला अर्धा तास सगळं ठीक, मग नाळ हळूहळू पडायला लागते. हातात धरून स्विव्हल दोन बोटांनी फिरलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर बदला. प्रत्येक शॅकलची (जोडणाऱ्या यू आकाराच्या कडीची) पिन स्टेनलेस तारेने बांधलेली हवी, कारण सततच्या थरथरीने पिन सुटते.

पॅराशूट परत ओढण्यासाठी त्याच्या डोक्यापासून बोटीपर्यंत दुसरी दोरी बांधण्याची पद्धत आहे. मोठ्या समुद्रात ती मुख्य दोराभोवती गुंडाळली जाते आणि चुकीच्या वेळी पॅराशूट उलटं करते. तिच्याऐवजी बोयाच्या पुढे १५-२० मीटर तरंगती दोरी आणि तिच्या टोकाला दुसरा लहान बोया पुरेसा आहे. वारा उतरल्यावर हुकाने तो उचलायचा.

पॅराशूट उघडतच नसेल तर टाकण्याची पद्धत तपासा. ते पिशवीत घडी घालून ठेवावं, टाकण्याआधी ओलं करावं, आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूने पाण्यात सोडावं. उलट बाजूने टाकलं तर बोट वाहून त्याच्यावरच चढते. १५-२० मीटर दोर गेला की क्षणभर अडवा. पॅराशूट फुगल्याचा ओढा हाताला कळतो, मग बाकीचा सोडा.

इथपर्यंतचं सगळं समुद्रात करता येतं. पुढचं धक्क्यावर.

६. दोर कशाचा आहे

आपल्याकडे जाळ्यांसाठी पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीईचा दोर सर्रास असतो. तो तरंगतो, स्वस्त आहे, आणि तोच सी अँकरला बांधला जातो. या कामाला तो चुकीचा आहे. तो नायलॉनएवढा ताणला जात नाही, उन्हाने ठिसूळ होतो, आणि घासून लवकर वितळतो. तीन पेडांचा किंवा विणलेला नायलॉन घ्या. १६ मिलिमीटरच्या नव्या नायलॉन दोराची तुटण्याची क्षमता सुमारे ५ टन असते, ओला झाल्यावर त्यातली १०-१५ टक्के जाते. एक टनाच्या ओढीला असा १०० मीटर दोर १० ते १५ मीटर लांबतो. या साधनात धक्का गिळणारी गोष्ट हीच, म्हणून जाडी उगाच वाढवू नका. २४ मिलिमीटरचा दोर मजबूत असतो, पण तो पुरेसा ताणला जात नाही आणि हिसका डेकवर जातो.

टोकाला गाठ नको. गाठीने दोराची ताकद तिसऱ्या भागाने किंवा त्याहून जास्त घटते. पेड विणून केलेला फास आणि त्यात धातूची थिंबल (फासाला आतून झिजण्यापासून वाचवणारी कडी) घाला.

७. पॅराशूटचा आकार

किराणा पिशवीएवढा शंकू बोटीवर ‘सी अँकर’ म्हणून ठेवलेला असतो. तो का पुरत नाही, हे आकड्यांत पाहू. रोध व्यासाच्या वर्गाने आणि वेगाच्याही वर्गाने वाढतो. १० मीटरची बोट, नाळ वाऱ्याकडे, वाऱ्याला समोरून मिळणारं क्षेत्र ६ चौरस मीटर धरू. ४० नॉट (तासाला ४० सागरी मैल) वाऱ्याचा तिच्यावरचा दाब सुमारे १६० किलो. १ मीटर व्यासाचं पॅराशूट सेकंदाला १ मीटर वेगाने सुमारे ५० किलो रोध देतं. म्हणजे १६० किलो तोलायला बोट साडेतीन नॉटने मागे वाहावी लागते. २ मीटर व्यासाला हाच वेग पावणेदोन नॉट, आणि साडेतीन मीटरला जेमतेम एक नॉट. हा फक्त वाऱ्याचा हिशोब आहे. लाटेचा धक्का वेगळा आणि क्षणभर टनावारी.

साडेतीन नॉटने मागे जाणाऱ्या बोटीचं सुकाणू टिकत नाही आणि नाळही धरली जात नाही. किनारा २० सागरी मैलांवर असेल तर ती सहा तासांच्या आत किनाऱ्याला लागेल. एक नॉटने वाहणारीला वीस तास मिळतात, आणि मदत यायला ते तास लागतात. नैऋत्य वाऱ्यात आपला सगळा किनारा बोटीच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून हा फरक इथे फार मोलाचा आहे. प्रमाण लक्षात ठेवा: व्यास बोटीच्या लांबीच्या किमान ३५ टक्के, मध्यभागी व्यासाच्या सुमारे दशांश छिद्र, म्हणजे पाणी एकाच बाजूने निसटून पॅराशूट डोलत नाही.

कापड तपासताना शिवण आधी पाहा. उन्हाने धागा कापडाआधी मरतो. शिवणीतला एखादा टाका नखाने ओढा. तो सहज तुटला तर सगळी शिवण पुन्हा पॉलिएस्टरच्या धाग्याने घालावी लागेल. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

८. ड्रोग असेल तर

ड्रोग उसळत असेल तर आधी दोर वाढवा. तो बोटीमागच्या दुसऱ्या लाटेच्या पाठीवर असावा. मग त्याच्या पुढे साखळीचं वजन द्या. दोर मागच्या दोन्ही कोपऱ्यांना इंग्रजी व्ही आकारात बांधा. एकाच कोपऱ्याला बांधला तर बोट तिरकी होऊन आडवी पडते.

एकच मोठा ड्रोग एका फुटत्या लाटेत सापडला की क्षणभर काहीच धरत नाही. १९७९ मध्ये फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ शर्यतपटू मरण पावले. त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी अभियंत्याने एकाच दोरावर ओळीने लहान शंकू बसवण्याची रचना मांडली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा तिच्यावरचा अहवाल १९८७ चा आहे. सुमारे साडेचार टनांच्या बोटीला साधारण १०० शंकू, प्रत्येकाचा व्यास १३ सेंटीमीटरच्या आसपास, दोन शंकूंमध्ये अर्धा मीटर, आणि टोकाला ७ ते ११ किलो वजन. काही शंकू फेसात असले तरी बाकीचे शांत पाण्यात धरून असतात. कडा तासन्‌तास फडफडून उसवतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर सगळे तपासा. हा ड्रोग मागे ओढून घ्यायला जड जातो. विंच नसेल तर वारा पूर्ण उतरेपर्यंत हात लावू नका.

मागची बाजू उघडी आणि बुटकी असलेल्या मासेमारी बोटीवर ड्रोग टाकू नका. मागून येणारी लाट थेट आत पडते.

९. बोलार्ड आणि त्याखालचा डेक

सगळ्यात महागडी दुरुस्ती ही, आणि ती लपलेली असते. बोल्ट बहुधा दोषी नसतात. १० मिलिमीटरचे चार चांगले स्टेनलेस बोल्ट दोरापेक्षा जास्त सोसतात. खचतो तो डेक. फायबरच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड किंवा फोम असेल आणि खाली नुसते वॉशर असतील, तर ओढीने तो भाग दबतो, बोल्ट ढिले होतात, पाणी आत शिरून लाकूड कुजतं. डेकखाली जाऊन टॉर्च मारा: बोल्टाभोवती तपकिरी ओघळ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, ठोकल्यावर येणारा बद्द आवाज. यांतलं काहीही दिसलं तर तो बोलार्ड सी अँकरसाठी बाद. तिथला गाभा काढून भरीव करणं आणि खाली रुंद धातूची पट्टी बसवणं हे बोट बांधणाऱ्या कारागिराचं काम आहे. वरून रेझिन ओतून ते भागत नाही.

काहीच साधन नसेल तर

जाळ्याचा घट्ट बांधलेला गठ्ठा, जुने टायर आणि साखळी एकाच लांब दोरावर ओळीने बांधून नाळेवरून सोडा. पूर्ण सी अँकरची जागा हे घेत नाही, पण नाळ काही अंशी फिरते. ताडपत्रीचं पॅराशूट करू नका; तिच्या कड्या पहिल्याच मोठ्या लाटेला फाटतात. पाणी २०-३० मीटरपर्यंत उथळ झालं की खरा नांगर तयार ठेवा. सी अँकरचा १५० मीटर नायलॉन दोर त्याच्या साखळीला जोडला तर २० मीटर पाण्यात खोलीच्या सातपट दोर मिळतो.

कुठे थांबायचं

धक्क्यावर: उसवलेलं पॅराशूट शीड शिवणाऱ्याकडे, डेक बोट बांधणाऱ्याकडे. लाइफराफ्टच्या सी अँकरला स्वतः हात लावू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार राफ्टमध्ये असे दोन असतात, एक कायम जोडलेला आणि एक सुटा. त्यांची तपासणी मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनमध्येच होते. १५ मीटरपेक्षा मोठ्या किंवा २० टनांहून जड जहाजासाठी वरचं गणित वापरू नका. तिथे नेव्हल आर्किटेक्टकडून भार काढून घ्या.

समुद्रात: बोलार्ड हलायला लागला, पंपापेक्षा पाणी जास्त येतंय, कोणी जखमी आहे, किंवा किनाऱ्याच्या अंतराला वाहण्याच्या वेगाने भागून येणारा वेळ दहा तासांच्या खाली आला, तर दुरुस्तीचे प्रयत्न तिथेच सोडा. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर मदत मागा. फोनची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. सगळ्यांनी लाइफजॅकेट चढवलेलं असू द्या. जागा, माणसं किती, वाहण्याचा वेग आणि दिशा सांगा. आणि हे नक्की सांगा, की नाळेपुढे १०० मीटर दोर, पॅराशूट आणि बोया पाण्यात आहेत, मदतीच्या बोटीने मागून यावं. त्यांच्या पंख्यात हा दोर गेला तर दोन बोटी अडकतील. धारदार सुरी नाळेपाशी बांधून ठेवा. दोर कापायची वेळ आली तर ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं न राहता, बाजूने कापा.